एक कॉम्प्युटर, दोन हार्ड डिस्क; मग विंडोजची लायसन्स किती?
कामासाठी एक हार्ड डिस्क, मुलांच्या गेम्ससाठी दुसरी. कॉम्प्युटर मात्र एकच. दोन्ही डिस्कवर विंडोज टाकलं, तर एक लायसन्स पुरतं का?

विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स कॉम्प्युटरच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं. त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर तीच एडिशन टाकली, तरी ती सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होते. पण ॲक्टिव्हेट झालं म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या करारानुसार एका लायसन्सवर विंडोजची एकच प्रत इन्स्टॉल करता येते. दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीसाठी वेगळं लायसन्स लागतं.

डिस्क बिघडली म्हणून बदलली, तर मात्र जुनंच लायसन्स चालतं. आणि दोन्ही डिस्क वापरायच्याच असतील, तर एकीवर उबंटूसारखी मोफत लिनक्स सिस्टीम टाकता येते.