आसरांचा डोह, काजव्यांचं झाड

उन्हाळा संपत आला की मुळशीतल्या भातशेतकऱ्याच्या मागे राबाची घाई लागते. रोपं टाकायच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर झाडांची कवळं, मग पालापाचोळा आणि शेवटी मातीचा पातळ थर. वारा बघून आग लावली की भडका उडत नाही, ती सावकाश जमिनीत उतरते; तणाचं बी जळतं आणि राखेचं खत होतं. ओढे याच दिवसांत आटतात, डोहांचे काठ उघडे पडतात. घरातली म्हातारी माणसं पोरांना बजावतात, भर बाराला डोहाकडे फिरकू नका, तिथं आसरा असतात.

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. देवळापेक्षा त्यांना काठ प्रिय. ओळीनं मांडलेले सात दगड, त्यांना शेंदूर, शेजारी बऱ्याचदा म्हसोबा. ओटीला हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, नारळ, कुठं दहीभात. त्यांची मर्जी असेल तर कूस उजवते, खप्पामर्जी झाली तर बाळंतिणीला त्रास होतो, असं मानतात. युरोपातल्या पऱ्यांशी त्यांचं नातं इथंच जुळतं: सुंदर, लहरी, आणि मान राखला तरच दयाळू. नाजूक पंखांच्या पऱ्या पुढे मुलांच्या पुस्तकांनी घडवल्या. आयर्लंडचा शेतकरीही पऱ्यांचं मानलेलं काटेरी झाड तोडायला धजत नसे.

पुण्यात राहून मावळ पायी धुंडाळणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या दगडांकडे इतिहासकाराच्या नजरेनं पाहिलं. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त त्यांनी दाखवलं, की रानातल्या कित्येक मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या कडेला आहेत आणि आसपास अश्मयुगीन गारगोटीची बारीक हत्यारं सापडतात. नांगर येण्याआधी गुरं घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या या वाटा, असा त्यांचा तर्क. तो प्रत्येक ठाण्याला लागू पडेलच असं नाही, पण शेंदरी दगडाला अंधश्रद्धेच्या खात्यातून काढून पुराव्याच्या खात्यात मांडण्याचं श्रेय त्यांचंच.

त्याही आधी नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहवून घेतल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. कागद मागे राहिले, आर. ई. एन्थोव्हेन यांनी त्यांतून कोकणचा खंड १९१५ साली छापला. घाट उतरला की लागणारा हा मुलूख मुळशीचा शेजारी, आणि वेताळ, मुंजा, आसरा ही मंडळी घाटाच्या दोन्ही अंगांना सारखीच ओळखीची.

चकवा मात्र सर्वांत विलक्षण. रात्री शेतावरून परतणारा माणूस पायाखालची वाट सोडून त्याच त्या जागी घिरट्या घालत राहतो. जाणते सांगतात, धावू नये, बसून राहावं, उजाडू द्यावं. कडे आणि दऱ्यांच्या प्रदेशात हा सल्ला जीव वाचवणाराच आहे. इंग्लंडात डेव्हनच्या माळावर ‘पिक्सी’ अशीच वाट चुकवतात. तिथला उतारा म्हणजे अंगातला कोट उलटा घालायचा.

पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांवर काजवे जमतात. नर लुकलुकतात, माद्या उत्तर देतात, आणि एखादं अख्खं झाड एका तालात पेटतं-विझतं. ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग झाला की तो थंड प्रकाश निघतो, हे कळल्यानं झाडाची जादू कमी होत नाही. काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवर जगतात, म्हणजे रात्रीची ही रोषणाई ओल्या, विषारी फवारा न पडलेल्या जमिनीवर पोसली जाते.

राबासाठी कवळं तोडणारा कोयता देवराईच्या हद्दीवर थांबत असे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या भयानं राखलेल्या या तुकड्यांत जुनं रान टिकून असल्याचं दिसलं. भीतीनं इतकं काम केलं असेल, तर तिला नुसतं हसून सोडता येत नाही.

मुळशीनं फार गमावलं आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे झाले, ‘जान किंवा जमीन’ म्हणत मावळे लढले, तरी गावं पाण्यात गेली. त्यांच्याबरोबर नदीकाठची किती ठाणी गेली, याचा हिशेब कोण मांडणार? आज उरलेल्या ओढ्यांना बंगल्यांच्या कुंपणांचा वेढा पडतो आहे. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, डोहाच्या आसरांचं नसतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर मुळशी-मावळातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. वाढत वाढत तो संग्रह एक लाखावर गेला. आसरांसाठीही असंच काम व्हायला हवं, आणि ते अवघड नाही. दगड कुठल्या डोहावर आहेत, ओटी कोण भरतं, कोणत्या झाडाला कोयता लावत नाहीत, चकवा कुठल्या वळणावर लागतो, काजवे कुठं जमतात. गावच्या शाळेतल्या मुलांनी आजीला विचारून, जागेच्या खुणेसह एवढं वहीत उतरवलं, तर जॅक्सनच्या मास्तरांनी शंभरावर वर्षांपूर्वी हाती घेतलेल्या कामाला मुळशीची भर पडेल.