चिक्की मोठ्यांना, भोपळा बाळाला

शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या तुंगार्लीतले बंगले भरतात आणि परतीच्या गाड्यांच्या डिक्क्या चिक्कीने. घरातल्या सहा-सात महिन्यांच्या मंडळींना मात्र फक्त आईच्या ताटातलं हवं असतं. चमचा पुढे केला की मान फिरते, भाकरी दिसली की झडप! बाळाला स्वतःच्या हाताने खायचंय. आधाराने नीट बसत असेल आणि मान सावरत असेल, तर खाऊ द्या खुशाल. त्याआधी ही थोडी गंमत, थोडी माहिती.

आधी मूठ, मग चिमटी
सहाव्या महिन्यात बाळ प्रत्येक वस्तू मुठीत धरतं आणि मुठीत दडलेलं त्याला खाता येत नाही. म्हणून तुकडा आपल्या बोटाएवढा लांब द्यावा, म्हणजे अर्धा मुठीत राहील, अर्धा तोंडात जाईल. अंगठा आणि तर्जनीची चिमटी साधारण नवव्या महिन्याच्या सुमारास जमते. मग वाटाण्याएवढे मऊ तुकडे चालतात.

दात नसले तरी चालतंय
दाढा येतात वर्ष उलटल्यावर. तोवर हिरड्याच चक्कीचं काम करतात. तुकडा आपल्या दोन बोटांत सहज चिरडला, तर तो बाळाला चालेल. उकडलेला लाल भोपळा, रताळं, पिकलेलं केळं पहिल्या फेरीत पास. कच्चं गाजर नापास.

इंद्रायणीची चिकाटी
मावळचा लाडका इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. त्याच्या आईबापांत एक आपला सुवासिक आंबेमोहोर. शिजल्यावर हा भात जरा चिकट होतो, ही पुलाव करणाऱ्याची तक्रार आणि बाळाची सोय! मऊ भातात घट्ट वरण कालवून मुटके वळा, हातात टिकतात. मीठ मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत वरून घालू नका.

नाचणीची पट्टी
शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मऊ धिरडं करून पट्ट्या कापा. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा ओसरू लागतो, म्हणून सोबत डाळ, अंड्याचा नीट शिजवलेला पिवळा बलक असं काहीतरी हवंच.

लोणावळ्याचा मेवा बाळाला वर्ज्य
चिक्की कडक आणि गोड. भुशी धरणावरच्या कणसाचे दाणे घशात अडकणारे. करवंदं, जांभळं गोल आणि बियांची. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बॉट्युलिझम होऊ शकतो. साखर तर दोन वर्षांपर्यंत लांबच बरी.

दाणा नको, कूट हवं
अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. पण २०१५ साली लंडनच्या एका अभ्यासात दिसलं, की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळते. आपलं बारीक दाण्याचं कूट, पातळ वरणात मिसळून, इथे कामाला येतं. बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आवाज आला तर बरं
नवशिक्या बाळाला उबळ येते, तोंड लाल होतं, घास बाहेर येतो. हा शरीराचा पहारेकरी. खरं गुदमरणं बहुतेकदा बिनआवाजी असतं, म्हणून खाताना बाळाला ताठ बसवा आणि नजर हटवू नका. खंडाळ्याच्या वळणांवर, धावत्या गाडीत खाऊ नकोच.

क्लीव्हलंडची पंगत
१९२६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकत्याच दूध सुटलेल्या बाळांपुढे साधे, बिनमसाल्याचे अनेक पदार्थ मांडले आणि निवड त्यांच्यावर सोडली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर बरं होईपर्यंत कॉडलिव्हर ऑइल आपणहून प्यायलं! मात्र ताटात काय ठेवायचं, हे मोठ्यांनीच ठरवलं होतं. मिठाई त्यात नव्हतीच.

बोरन्हाणात सावध
संक्रांतीच्या दिवसांत बाळाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे करवे, हलवा ओततात. बाळ पहिली झडप नेमकी त्यावरच घालतं. फोटो झाले की ती रास मोठ्या भाचरांच्या ओंजळीत जाऊ द्या आणि बाळाच्या हाती भोपळ्याची फोड.

मामाचा मान
उष्टावणाचा पहिला घास मामाचा. दुसऱ्या घासापासून कारभार बाळाकडे सोपवा. जमिनीवर जुनं फडकं अंथरा, गळ्यात लाळेरं बांधा, आणि मामाला आधीच कळवून ठेवा: पांढरा कुर्ता घालून येऊ नकोस.