लोकरीतल्या कोलेस्टेरॉलला सोयाबीनचा पर्याय

मॉइश्चरायझरचा थेंब काचपट्टीवर पसरून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काही क्रीममध्ये अंधाऱ्या पार्श्वभूमीवर चमकणारे गोल दिसतात. प्रत्येक गोलावर काळी फुली असते. आतले रेणू थरावर थर रचून बसल्याची ही खूण. पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. हीच द्रवस्फटिक अवस्था. १८८८ मध्ये प्रागमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती प्रथम जाणवली. कोलेस्टेरॉलचे एक संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना नितळ!

आपल्या त्वचेतही अशीच रचना आहे. सर्वांत वरच्या, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात. त्यांना सांधणारा स्निग्ध गिलावा म्हणजे सुमारे निम्मे सेरामाइड, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्ले. थरांच्या या रचनेमुळेच शरीरातले पाणी सहजासहजी उडून जात नाही. ती विस्कटली, की त्वचा कोरडी पडते, तडकते.

म्हणून क्रीममध्ये कोलेस्टेरॉल घालतात. ते परंपरेने मिळते मेंढीच्या लोकरीतून. लोकर धुताना निघणाऱ्या मेणचट पदार्थापासून लॅनोलिन आणि त्यापासून कोलेस्टेरॉल. प्राणिजन्य घटक टाळायचे, तर सोयाबीन, मोहरीवर्गीय रेपसीड यांच्या तेलातली कोलेस्टेरॉलसारखी संयुगे, म्हणजे फायटोस्टेरॉल्स, हाताशी आहेत. अडचण एवढीच, की त्यांतल्या सिटोस्टेरॉलच्या शेपटीवर कोलेस्टेरॉलपेक्षा दोन कार्बन अणू जास्त असतात. तेवढ्यानेही रेणूंची दाटी सैल पडते. नुसती अदलाबदल करून भागत नाही; रेणूच नव्याने घडवावा लागतो.

जपानच्या अजिनोमोटो कंपनीने तेच केले. स्वयंपाकघरात परिचित असलेल्या तिच्या पांढऱ्या पुडीतले ग्लुटामिक आम्ल किण्वनाने तयार होते. त्याला एकीकडे मेदाम्ल आणि दुसरीकडे फायटोस्टेरॉल जोडून कंपनीने सेरामाइडच्या धर्तीवर काम करणारा घटक बनवला. सोया लेसिथिन आणि ऑलिव्ह तेलापासूनचे इमल्सिफायर हेही थर रचणारे पर्याय आहेत.

मात्र घटक वनस्पतिजन्य आहे, एवढ्यावर तो चांगला ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थर दिसले पाहिजेत, काही महिने बाटलीत राहूनही ते टिकले पाहिजेत आणि त्वचेतून दर तासाला उडणारे पाणी मोजून कमी भरले पाहिजे.

ग्राहकापुढचा पेच वेगळाच आहे. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी आहे. पण चाचणी न करणे वेगळे आणि घटक प्राणिजन्य नसणे वेगळे. स्टिअरिक आम्ल किंवा ग्लिसरीन जनावराच्या चरबीपासूनही होते, पाम तेलापासूनही. वेष्टनावर नाव तेच. प्रयोगशाळेतल्या या मेहनतीचे चीज व्हायचे, तर घटकाच्या नावाशेजारी त्याचा स्रोतही छापला गेला पाहिजे. तो विचारण्याचा हक्क ग्राहकांनी आवर्जून बजावावा.