भुंगेऱ्यांवरून पाणवठ्याची ओळख

पैठणचा नाथसागर जलाशय, त्याच्या धरणाखालचे गोदापात्र, डावा व उजवा कालवा आणि पावसाळी डबकी यांत गोदाखोऱ्याचेच पाणी असले, तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने हे अधिवास, म्हणजे सजीवांची राहण्याची ठिकाणे, एक नव्हेत. आणि हा भेद ओळखण्याचे एक साधन म्हणजे पाणभुंगेरे. पुढच्या कठीण पंखांखाली हवा साठवून बुडी मारणारे शिकारी भुंगेरे श्वासासाठी पुन्हा वर येतात, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या साचल्या पाण्यातही त्यांचे भागते. उलट वाहत्या पाण्यातील दगडांना चिकटून राहणारे चिमुकले एल्मिडी कुळातील भुंगेरे अंगावरील हवेच्या पातळ थरातून पाण्यातलाच प्राणवायू घेतात, म्हणून प्रवाह मंदावला वा पाणी दूषित झाले की बहुधा तेच आधी नाहीसे होतात. पृष्ठभागावर गरगरणाऱ्या भुंगेऱ्यांचे डोळे तर दुभागलेले असतात, अर्धे पाण्यावर पाहणारे, अर्धे पाण्याखाली.

मात्र एखादी जाती सापडली म्हणून निष्कर्ष काढता येत नाही, कारण बहुतेक भुंगेरे उडू शकतात आणि कुठेही उतरतात; म्हणून एकत्र आढळणाऱ्या जातींचा समूह पाहावा लागतो. पाणभुंगेऱ्यांचे अभ्यासक गार्थ फॉस्टर व सहकाऱ्यांनी 1989 मध्ये शेतीखालील दलदलीच्या प्रदेशातील पाणवठ्यांचे असेच वर्गीकरण प्रसिद्ध केले. नाथसागराला ही पद्धत लावताना एक अडचण येते: पाणी ओसरताच काठावर गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवरची पेरणी, सुरू होते, आणि वनस्पतींच्या आश्रयाने राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा काठ हंगामागणिक सरकत जातो.