शिकताना-शिकवताना (लेखांक ६) : पाट्या वर!

तास संपत आला की "समजलं ना सगळ्यांना?" असे आपण विचारतो आणि वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. एखाद्याला उभे करावे, तर हात वर करणारी मुले नेहमीचीच चार-पाच. बाकीच्यांना काय कळले ते थेट घटक चाचणीत उघड होते, आणि तोवर पुढचा पाठ सुरू झालेला असतो.

उजळणीसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती साधी पाटी. प्रश्न फळ्यावर लिहायचा. प्रत्येकाने उत्तर लिहून पाटी उपडी ठेवायची आणि "पाट्या वर!" म्हणताच सगळ्यांनी एकदम उंच धरायची. मागच्या बाकावरचे अबोल मूलही उत्तर देते.

पण सगळी भिस्त प्रश्नावर. दशांश अपूर्णांक घ्या. ०.६, ०.४५, ०.३०८ चढत्या क्रमाने लावा, असे विचारले तर शिक्षकाचीच फसगत होते. दशांश चिन्हानंतर अंक जास्त म्हणजे संख्या लहान, असा चुकीचा समज असलेले मूलही इथे बिनचूक उत्तर देते! त्याऐवजी ०.३, ०.२५, ०.४१२ द्या. ज्याला कळले आहे तो ०.२५, ०.३, ०.४१२ लिहील. तीन, पंचवीस, चारशे बारा असे वाचणारा ०.३ आधी लिहील. जास्त अंकांना लहान मानणारा ०.४१२ पासून सुरुवात करील. कोण कुठे अडले आहे ते पाटीच सांगते. मग शंभर चौकटींचा कागद काढा. ०.३ साठी तीस चौकटी, ०.२५ साठी पंचवीस आणि ०.४१२ साठी एक्केचाळिसांहून थोड्या जास्त, अशा मुलांनाच रंगवू द्या.

उत्तरांत दोन तट पडले तर बरोबर उत्तर लगेच सांगू नका. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझर यांनी १९९१ पासून हीच रीत रुजवली : आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. नुकतेच समजलेले मूल शेजाऱ्याची अडचण अनेकदा आपल्यापेक्षा नेमकी ओळखते.

तोच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले.

महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि तोंडी काम, उपक्रम, प्रात्यक्षिक यांना आकारिक मूल्यमापनात हक्काची जागा मिळाली. ते फार चांगले झाले. तरीही पाटीवरच्या उत्तराला गुण देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. गुण आले की मूल शेजारच्या पाटीत डोकावते आणि आपल्याला हवी असलेली चूकच दिसेनाशी होते.

उद्याच्या तासासाठी आजच असा एक प्रश्न तयार करा. चुकीचे प्रत्येक उत्तर कोणता गैरसमज दाखवेल, ते त्याच्यापुढे लिहून ठेवा आणि शेवटची दहा मिनिटे त्यासाठी राखा.