फुलल्यानंतरचे दिवस

फूल उमलले की आपण त्याचे कौतुक करतो आणि ते सुकले की पाठ फिरवतो. झाडाचे खरे काम मात्र पुष्कळदा त्यानंतरच सुरू होते. कंदापासून येणाऱ्या ठेंगण्या आयरिसकडे पाहावे, म्हणजे हे ध्यानात येते.

ही मंडळी मूळची तुर्कस्तान, कॉकेशस, इराणच्या डोंगरउतारांवरची. कंदावर जाळीदार साल असते, म्हणून त्यांतल्या एकीचे नाव 'रेटिक्युलाटा'. इंग्लंडातले बागवान सप्टेंबर-ऑक्टोबरात उन्हाची, पाण्याचा चांगला निचरा होणारी जागा पाहून हे कंद सुमारे दहा सेंटिमीटर खोल लावतात. फेब्रुवारीत, बाग अजून गारठलेली असताना, वीतभरही उंच नसलेली निळीजांभळी फुले वर येतात. थोड्याच दिवसांत तो सोहळा आटोपतो.

मग पाने वाढू लागतात. गवतासारखी, चौधारी, फूटभर लांब. दिसायला अगदी गबाळी. कापून टाकावीत असा मोह होतो. पण जुना कंद फुलण्यात खर्ची पडलेला असतो, आणि नवा कंद भरायचा तो याच पानांनी. ती पिवळी पडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर शिल्लक संपली आहे आणि भरणा चालू आहे. अशा वेळी खाते बंद करू नये.

डॅनफर्ड या बाईंनी 1876 मध्ये तुर्कस्तानातल्या टॉरस पर्वतातून आणलेली पिवळी 'डॅनफर्डी' तर आणखी कसोटी पाहते. फुलल्यावर तिच्या कंदाची बारीकबारीक पिल्ले होतात आणि ती फुलण्याजोगी व्हायला काही वर्षे जातात. बंदा रुपया मोडून चिल्लर हाती यावी तसे. पुष्कळ जण दरसाल नवे कंद आणतात; काही जण ते अधिक खोल लावून फुटणे रोखू पाहतात. पण मुद्दल बुडालेले नसते, सुट्यांत गेलेले असते.

आपल्याकडे या फुलांचे जमणे कठीण. त्यांना कडक थंडी हवी आणि उन्हाळी विश्रांतीत कोरडी माती; आपला पाऊस नेमका तेव्हाच कोसळतो आणि कंद कुजतात. पण त्यांची रीत आपल्या ओळखीची आहे. निवृत्त माणसाला भेटेल तो विचारतो, "आता काय करता?" बहर ओसरलेल्या झाडाला कोणी हे विचारत नाही. त्याला नुसते उन्हात उभे राहू द्यायचे असते.