चाकांवरचं घर, बिदरचा माळ

कॅम्परव्हॅन घेऊन डोंगराकडं निघायचं म्हटलं की सगळ्यांची बोटं नकाशावर थेट लेह-मनालीला टेकतात. उदगीर, देगलूर, सोलापूरकडच्या मंडळींनी आधी उंबऱ्याजवळची उंची बघावी. बिदर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 2,200 फुटांवर आहे, कलबुर्गी दीड हजाराच्या आसपास. मधली सातशे फुटांची घसरण गाडीत बसून फारशी जाणवत नाही, पण रेल्वेला जाणवली. बिदर-कलबुर्गी मार्गासाठी मरगुत्तीजवळ डोंगरातून दीड किलोमीटरहून लांब बोगदा काढावा लागला आणि 2017 च्या ऑक्टोबरात गाडी धावू लागली.

या उंचीचा गॅसच्या शेगडीशीही संबंध आहे. दर हजार फुटांमागे पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. म्हणजे बिदरला ते 98 अंशांच्या आसपासच बुडबुडे काढतं. चहाला त्यानं काही फरक पडत नाही. लेहला मात्र 88 अंशांनाच उकळी फुटते, त्यामुळं तिथं कुकरशिवाय डाळ शिजायला तयार नसते. लडाखमधल्या उमलिंग ला या 19,024 फुटांवरच्या रस्त्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. तिथं माणूस आणि इंजिन दोघंही धापा टाकतात. म्हणून गाडी, शेगडी, बॅटरी आणि घरातली माणसं यांची पहिली परीक्षा बिदरच्या माळावर घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मुक्कामाची आखणी करताना आधी पाणी बघा, देखावा नंतर. या माळावर हा नियम आपल्यापेक्षा सहाशे वर्षं जुना आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह बहमनीनं राजधानी कलबुर्ग्याहून वर बिदरला आणली. राजधानी म्हणजे हत्ती, घोडे, फौज, बाजार. एवढ्या सगळ्यांना माळावर पाणी कुठून पाजायचं? उत्तर जमिनीखाली होतं. वर तांबडा जांभा दगड आहे आणि खाली काळा बेसाल्ट. पावसाचं पाणी जांभ्यात स्पंजासारखं मुरतं आणि खालच्या थरावर अडून आडवं सरकतं. इराणी तंत्राच्या जाणकारांनी ते अडवायला भुयारं खोदली. अशा भुयाराला करेझ म्हणतात. बिदरजवळच्या नौबादची करेझ तीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे. वरून जागोजाग विहिरीसारखी तोंडं आणि आत हलक्या उतारानं, कुठल्याही पंपाशिवाय वाहणारं पाणी. स्थानिक लोक तिला सुरंग बावी म्हणतात. बिदरला जाऊन नुसता किल्ला बघून परतलात, तर हे शहर उभं कशावर राहिलं ते बघायचं राहूनच गेलं.

माळाच्या कडेला हेच पाणी झरा होऊन बाहेर पडतं. गुरुद्वारा नानक झिरा साहिब अशाच एका झऱ्यापाशी आहे. गुरू नानकांनी पायातल्या खडावेनं दगड सरकवला आणि गोडं पाणी फुटलं, अशी श्रद्धा आहे. लंगर सगळ्यांना खुला असतो. झरणी नरसिंहाच्या दर्शनाला तर छातीपर्यंतच्या पाण्यातून गुहेत चालत जावं लागतं, डोक्यावर वटवाघळं. गाडीत कोरड्या कपड्यांचा एक जोड जास्त ठेवा, आणि दर्शन चालू आहे का ते आधी विचारून घ्या.

किल्ल्यात आणखी एक गंमत आहे. बिदरी भांड्यांचा काळाभोर रंग रंगाच्या डब्यातून येत नाही. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार बसवली की नवसागर आणि किल्ल्यातली जुनी माती घालून उकळलेल्या पाण्यात भांडं बुडवतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच चमकते. ऊन-पाऊस न लागलेली माती हवी असते आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात!

बिदरचा सगळ्यात हिकमती प्रवासी म्हणजे रशियाचा अफानासी निकितिन. 1470 च्या सुमारास तो चौल बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला, पावसाळा तिथं काढला आणि मग बिदर गाठलं. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. तो अखेर बिदरमध्येच विकला गेला, तोवर त्याला महिनोन् महिने पोसण्यात खर्च झाला. इंधनाचा हिशोब घालणाऱ्यांनी निकितिनची आठवण काढावी.

राहुट्यांचा थाट मात्र मोगलांचा. 1657 मध्ये औरंगजेबानं बिदर घेतलं. पुढं बादशहा होऊन तो काश्मीरला निघाला तेव्हा फ्रेंच वैद्य बर्निये सोबत होता. तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या तळावर उभा होई. त्या पुढच्या सामानालाच साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत, असं त्यानं लिहिलंय. पीर पंजालच्या चढावर एक हत्ती बिचकून मागं सरला आणि मागचे पंधरा दरीत गेले. घाटात पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं ते यासाठी.

फौजांना धान्य पुरवणारे लमाण हे चाकांवरच्या घराचे खरे पूर्वज. इंग्रज व्यापारी पीटर मंडीला 1632 मध्ये उत्तरेत एक तांडा भेटला, त्यात 14,000 बैल होते आणि बायका-मुलं सोबतच. आज कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांत लमाण तांडे शेकड्यांनी आहेत. पिढ्यान् पिढ्या राहूनही त्यांतल्या कित्येकांच्या नावावर घराची जागा नव्हती. 2023 च्या जानेवारीत राष्ट्रकूटांच्या जुन्या राजधानीत, मळखेडला, या भागातल्या 50 हजारांहून जास्त कुटुंबांना हक्कपत्रं देण्यात आली. हौसेनं फिरणाऱ्यानं ही गोष्ट माहीत करून घ्यावी. आणि तांड्याजवळ गाडी लावायची असेल तर आधी नायकाला विचारावं.

गाडी लावताना माती बघा. मुरमाड, तांबडी जागा असेल तर बिनधास्त थांबा. काळ्या रानात एक सर पडली की माती फुगते, चाक फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण या मुलखात फिरताना वीज आणि सांडपाण्याची तयार सोय गृहीत धरू नका. टाकी भरून घ्या, कचरा परत न्या. चिंचोळीच्या अभयारण्यात, चंद्रमपल्ली धरणाच्या बाजूला जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. कलबुर्गीकडं उतरताना कमलापूरची तांबडी केळी घ्या. कलबुर्गीची तूरडाळही भरून घ्या, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

तारीख निवडायची तर मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे आमची येळवस. लातूरपासून कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील आणि भाकरी. ओळखीच्या शेतात जा, जेवल्याशिवाय कुणी सोडणार नाही. गाडी तेवढी रस्त्याच्या कडेला लावा, ज्वारी तेव्हा ऐन भरात असते.